८५ची लेन्स: माउंट कुणाचं, मोटर कुणाची?

८५ मिलिमीटरच्या, म्हणजे पोर्ट्रेटसाठी (चेहऱ्याच्या फोटोंसाठी) घ्यायच्या, दोन लेन्सची तुलना उघडली की रकाने ठरलेले असतात: शार्पनेस, मागचा ब्लर, ऑटोफोकस. तिन्हींना वेगळे गुण द्यायचे, बेरीज करायची आणि खाली किंमत लिहायची. यात गफलत अशी की या तीन गोष्टी कधीच सुट्या नव्हत्या. एक वाढवायला गेलं की दुसरीला कात्री लागते, आणि कुठल्या कंपनीने कशाला कात्री लावली हे अनेकदा काचेपेक्षा कॅमेऱ्याच्या तोंडावरच्या धातूच्या कडीने, म्हणजे माउंटने ठरवलं. आजच्या तुलनांमधले बरेच वाद तिथूनच आलेले आहेत.

जुना काळ पटकन उरकू. १८४०मध्ये व्हिएन्नातल्या गणिताच्या एका प्राध्यापकाने खास माणसांच्या फोटोंसाठी साधारण एफ/३.६चं भिंग मांडलं (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). त्याआधी समोरच्याला मिनिटंच्या मिनिटं न हलता बसावं लागायचं. ते काम सेकंदांवर आलं. मधोमध धार आणि कडेला गरगरणारा ब्लर हा त्या रचनेचा दोष होता. आज लोक मुद्दाम पैसे मोजून तो विकत घेतात. १९३५ला लाइकाने ९ सेंटिमीटर एफ/२.२ची ‘थांबार’ काढली, ती तर ठरवूनच मऊ चित्र देणारी. म्हणजे पोर्ट्रेटला शार्पनेस हवाच, हे पहिल्यापासून सर्वमान्य अजिबात नव्हतं. त्याच दशकात झाइसच्या ‘सोनार’ रचनेने ८५ एफ/२ लहान आकारात बसवून दाखवली. युद्धानंतर जपानी कंपन्यांनी तीच वाट पुढे नेली. १९५०मध्ये टोकियोत आलेल्या एका अमेरिकन वृत्तछायाचित्रकाराने निकॉनच्या ८.५ सेंटिमीटर एफ/२ने काढलेला फोटो पाहिला आणि कोरियाच्या युद्धात निकॉनच्याच लेन्स वापरल्या. जपानी काचेचं नाव जगभर झालं त्यात या पोर्ट्रेट लेन्सचा मोठा वाटा आहे. पुढे निकॉनची १०५ एफ/२.५ कित्येक वर्षं ‘चेहऱ्याची लेन्स’ म्हणून चालली. १९७६ला कॅननने आपल्या तेव्हाच्या एफडी माउंटवर ८५ एफ/१.२ आणली, १९८१ला निकॉनची ८५ एफ/१.४ आली. सगळ्या हाताने फोकस करायच्या.

आता मुद्द्याचं.

१९८५मध्ये मिनोल्टाने ७००० हा कॅमेरा आणला. ऑटोफोकसची मोटर बॉडीत आणि लेन्स मात्र बदलता येणाऱ्या, अशी ती पहिली यशस्वी एसएलआर (आरशातून लेन्सचंच दृश्य दाखवणारा कॅमेरा). त्यासाठी मिनोल्टाने जुनं माउंट सोडलं. पुढच्या वर्षी निकॉनने एफ-५०१ काढला. मोटर बॉडीतच, पण माउंट १९५९चंच, फक्त कडेतून एक छोटा पेचकससारखा दांडा बाहेर आला. तो लेन्समधल्या खाचेत बसतो आणि फिरून काच पुढेमागे सरकवतो. कॅननने १९८५च्या टी८०मध्ये लेन्सच्या अंगावर मोटर चढवून पाहिली होती. तिच्यासाठी जेमतेम तीन लेन्स निघाल्या आणि प्रकरण मिटलं.

मग मार्च १९८७मध्ये कॅननने ईओएस मालिका आणली आणि एफडी माउंट सरळ बंद केलं. नवं ईएफ माउंट ५४ मिलिमीटर व्यासाचं. बॉडी आणि लेन्स यांच्यात दांडे-खटके काहीच नाहीत, फक्त विजेचे संपर्क. मोटर प्रत्येक लेन्समध्ये तिची तिची. अ‍ॅपर्चरसुद्धा (उजेड आत सोडणारं भोक) विजेवर.

या निर्णयावर तेव्हा जो संताप झाला त्याचा अंदाज आज येत नाही. टी९० हा एफडी माउंटचा सगळ्यात पुढारलेला कॅमेरा फक्त एक वर्ष आधी, १९८६ला आलेला. ज्याने त्यासोबत ८५ एफ/१.२ घेतली त्याला वर्षभरात कळलं की आपली लेन्स पुढच्या कुठल्याच कॅननवर नीट बसणार नाही. नीट नाही म्हणजे काय? एफडीत माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४२ मिलिमीटर, ईएफमध्ये ४४. दोन मिलिमीटरचा फरक, पण उलट्या बाजूचा. जुनी लेन्स फिल्मपासून नको तेवढी लांब गेली, त्यामुळे मध्ये काचेचा अ‍ॅडॉप्टर घातल्याशिवाय ती दूरच्या वस्तूवर फोकस होणंच अशक्य. कंपनीने एक कन्व्हर्टर काढला खरा, पण तो मोठ्या टेलिफोटो (दूरचं जवळ आणणाऱ्या) लेन्ससाठी. पोर्ट्रेटवाल्यांना त्याचा उपयोग शून्य.

निकॉनने उलट केलं. तुमच्या वडिलांची लेन्सही आमच्या कॅमेऱ्यावर बसेल, हे त्यांचं ब्रीद. ऐकायला फार गोड. आणि माझं मत विचाराल तर पोर्ट्रेटवाल्यांच्या बाबतीत कॅननचाच निर्णय बरोबर ठरला. निकॉनच्या निष्ठेची किंमत पुढची वीस-पंचवीस वर्षं त्यांचेच ग्राहक मोजत राहिले.

यात एक वाद मात्र नीट समजून घ्यायला हवा. ‘निकॉनचं माउंट अरुंद, म्हणून एफ/१.२ जमत नव्हतं’ असं सर्रास म्हटलं जातं. हे जसंच्या तसं खरं नाही. निकॉनने त्याच ४४ मिलिमीटरच्या तोंडातून ५० एफ/१.२ आणि ५८ एफ/१.२ विकल्या आहेत. कॅननची ८५ एफ/१.२ ईएफच्या आधी, एफडीवरच जन्मली. अडचण होती ती एफ/१.२ आणि ऑटोफोकस दोन्ही एकत्र बसवण्याची. मागची काच मोठी ठेवायची, तिच्याभोवती विजेचे संपर्कही बसवायचे आणि काचांचा जड गट सरकवण्याची ताकदही आणायची. १९८९ला कॅननने ईएफ ८५ एफ/१.२ काढली तेव्हा तिची मागची काच माउंटच्या तोंडाला अगदी भिडलेली होती. ५४ मिलिमीटर पुरले, पण जेमतेम. निकॉनने एफ माउंटवर ऑटोफोकसची एफ/१.२ लेन्स शेवटपर्यंत काढली नाही.

कॅननच्या बाजूनेही सगळं गोड नव्हतं. त्या लेन्सचं वजन किलोभर, सरकवायचा काचेचा गट जड, त्यामुळे फोकस संथ. हाताने फोकस करायची रिंगसुद्धा विजेवर. कॅमेरा बंद असेल तर रिंग कितीही फिरवा, काच ढिम्म हलत नाही. २००६च्या दुसऱ्या आवृत्तीत वेग वाढला, तरी नाचणारं मूल तिने टिपेल अशी खात्री कुणी देत नसे. धावपळीसाठी लोक १९९२ची साधी ८५ एफ/१.८ ठेवायचे. ती स्वस्त आणि झटकन फोकस होणारी, फक्त झळझळीत कडांवर जांभळी किनार द्यायची.

निकॉनच्या घोळाचा खरा फटका बसला डिजिटल काळात, आणि आपल्याकडे तो चांगलाच बसला. २००६च्या शेवटी आलेल्या डी४०मधून कंपनीने बॉडीतली मोटर काढून टाकली. पुढच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांतही ती नव्हती. ‘आमच्याकडे सगळं चालतं’ असं सांगणाऱ्या कंपनीच्याच स्वस्त बॉडीवर तिचीच बिनमोटरची ८५ एफ/१.८डी लागायची, फोटोही निघायचा, पण ऑटोफोकस बंद. मोटर असलेली ८५ एफ/१.४जी आली २०१०ला आणि परवडणारी ८५ एफ/१.८जी २०१२ला. मधली वर्षं म्हणजे नेमका तो काळ, जेव्हा लग्नांमध्ये ‘कँडिड’चं पेव फुटत होतं आणि किट लेन्सवाली (कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी लेन्स वापरणारी) पोरं पहिली पोर्ट्रेट लेन्स शोधत होती. मुंबईच्या बोरा बाजारात किंवा कुठेही वापरलेली ‘डी’ लेन्स घेताना काच उजेडात धरून फंगस आहे का ते सगळे बघत. बॉडीत मोटर आहे का, हा प्रश्न बऱ्याच जणांना घरी गेल्यावर पडायचा.

मोटर असली तरी निशाणा बरोबर लागेलच असं नव्हतं. आकडेच बघा. फुल-फ्रेमवर (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरवर) ८५ एफ/१.४ने दीड मीटरवरून चेहरा टिपला तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा असतो. नवरीचा चेहरा जरा वळलेला असला की कॅमेरा आधी मुंडावळ्यांचे मोती पकडतो. ते डोळ्याच्या पुढे लोंबतात, कॉन्ट्रास्टही भरपूर देतात. मोती काचेसारखे लख्ख आणि पापण्या विरघळलेल्या, असे फोटो त्या काळातल्या कुठल्याही अल्बममध्ये सापडतील. फोटोग्राफर लेन्सला शिव्या द्यायचे. वास्तविक डीएसएलआरमध्ये, म्हणजे डिजिटल एसएलआरमध्ये, फोकस मोजणारा सेन्सर आरशाखाली वेगळा असतो, फोटो घेणारा सेन्सर वेगळा. दोन्हींच्या अंतरात केसाएवढा फरक पडला तरी एफ/१.४ तो लपवू शकत नाही. २००७पासून कॅमेऱ्यांमध्ये फोकसची सूक्ष्म दुरुस्ती करायची सोय आली, म्हणजे कारखान्याचं काम गिऱ्हाइकाकडे आलं. त्या वर्षांतल्या तुलना वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं. ‘ही लेन्स एफ/१.४ला सॉफ्ट आहे’ असं लिहिलेलं असतं, तिथे कितीदा तरी लेन्स निर्दोष होती.

ब्लरचा रकाना यापेक्षा निसरडा आहे. ब्लर किती, याचं उत्तर सोपं आहे. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच ठेवला तर फार लांबची पार्श्वभूमी किती विरघळेल हे फोकल लेंथला एफ-आकड्याने भागून जो व्यास येतो त्यावर ठरतं. ८५ एफ/१.८ला तो ४७ मिलिमीटर, ८५ एफ/१.२ला ७१, १३५ एफ/१.८ला ७५. म्हणून १३५वाले ८५ एफ/१.२ला फारसे भीत नाहीत. पण ब्लर कसा दिसतो, हा प्रश्न निराळा. गोलीय विपथन (भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एका जागी न जुळण्याचा दोष) थोडं शिल्लक ठेवलं की मागच्या दिव्यांच्या कडा मऊ पडतात, मात्र पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला कॉन्ट्रास्ट उतरतो. ते पूर्ण निपटलं की पापणी न् पापणी मोजता येते, आणि मागच्या झाडीला रेघारेघांची कड येऊ शकते. शार्पनेस आणि ब्लर यांना वेगवेगळे गुण देणारा तक्ता ही देवाणघेवाण सांगतच नाही.

१९९०च्या दशकात निकॉनने हा तिढा गिऱ्हाइकाच्याच हाती दिला. १३५ एफ/२ आणि १०५ एफ/२ या ‘डीसी’ लेन्सवर एक जास्तीची रिंग होती. मागचा ब्लर मऊ करायचा की पुढचा, ते तुम्ही ठरवा. बहुतेकांनी ती शून्यावरच ठेवली. १९९९ला मिनोल्टाने १३५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये कडेला काळपट होत जाणारी काच बसवली. ब्लर लोण्यासारखा, पण एफ/२.८च्या लेन्समधून उजेड एफ/४.५च्या लेन्सइतकाच, आणि ऑटोफोकस नाहीच. २०१४ला फुजीने तीच युक्ती ५६ एफ/१.२मध्ये ऑटोफोकससकट आणली, तर फेज डिटेक्शन (ऑटोफोकसची झटपट पद्धत) गमवावं लागलं, कारण ते ज्या कडेच्या उजेडावर चालतं तोच ती काच अडवते.

२०१२ला ३६ मेगापिक्सेलचा निकॉन डी८०० आला आणि शार्पनेसचं वेड शिगेला पोचलं. २०१४ची झाइस ओटस ८५ एफ/१.४ हाताने फोकस करायची, किलोहून जड, आणि किंमत ऐकून घाम फुटावा अशी. २०१६ला सिग्माने ‘आर्ट’ मालिकेतली ८५ एफ/१.४ काढली, १,१३० ग्रॅमची. तक्त्यांमध्ये दोघी वरच्या जागी. चार तास मांडवात उभं राहणाऱ्याच्या मनगटासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

मिररलेसने, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांनी, सगळ्यात मोठा बदल केला तो ऑटोफोकसमध्ये. मोजणारा आणि टिपणारा सेन्सर एकच झाल्यावर पुढे-मागे चुकण्याचा तो जुना प्रकार जवळजवळ संपला. २०१८-१९च्या सुमारास डोळा ओळखून त्यावर चिकटून राहणारा फोकस सोनीने रोजच्या वापरात आणला आणि मोत्यांची झंझट बरीच सुटली. पण मग अडचण मोटरवर आली. २०१६ची सोनी ८५ एफ/१.४ जीएम डोळा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यापुढे मंद आणि आवाज करणारी वाटू लागली. २०२४च्या दुसऱ्या आवृत्तीत लिनियर (काच सरळ रेषेत सरकवणाऱ्या) मोटर आल्या आणि वजन ८२० ग्रॅमवरून ६४२वर उतरलं. सिग्माची २०२०ची ८५ एफ/१.४ तर जुनीच्या साधारण निम्म्या वजनाची. कशी? एक कारण असं की चौकटीच्या कडा आत खेचल्या जाण्याचा दोष काचेने सुधारायचा सोडून सॉफ्टवेअरवर टाकला. दुरुस्ती बंद करून बघितलं तर भिंतीच्या सरळ रेषा चांगल्याच वाकलेल्या दिसतात. पोर्ट्रेटमध्ये याने कुणाचं काही बिघडत नाही, तरी याला फसवणूक म्हणणारे आहेत.

निकॉनने अखेर २०१८ला ५५ मिलिमीटर तोंडाचं झेड माउंट आणलं आणि २०२३ला त्यावर ८५ एफ/१.२ काढली, ऑटोफोकससकट. १९८७मध्ये न घेतलेला निर्णय एकतीस वर्षांनी घेतला असं म्हणायला हरकत नाही. कॅननने मात्र स्वतःचं ५४ मिलिमीटरचं तोंड मिररलेसच्या आरएफ माउंटमध्येही कायम ठेवलं, फक्त दार लावून घेतलं. २०२२ला एका चिनी कंपनीच्या आरएफ माउंटवरच्या स्वस्त ऑटोफोकस लेन्स बाजारातून हटवल्या गेल्या. २०२४ला बाहेरच्या काही कंपन्यांना परवानगी मिळाली ती लहान सेन्सरच्या लेन्सपुरती. सोनीने ई माउंटची मूलभूत माहिती २०११लाच खुली केली होती, म्हणून स्वस्त ८५ची गर्दी तिथे जास्त. तिथेही मेख आहेच: सोनीचा ए१ सेकंदाला ३० फोटो काढतो, पण बाहेरच्या कंपनीची लेन्स लावली की फोकस धरून १५वर थांबतो. दोन ८५ शेजारी ठेवून ऑटोफोकसला गुण देणाऱ्या तक्त्यात हा आकडा क्वचितच दिसतो.