जोडीदार व्हिसा : संयुक्त बिलाचा बाऊ नको

ब्रिटनमध्ये जोडीदार व्हिसाची मुदत वाढवताना ‘दोघांच्या नावाचं बिल नसेल तर अर्ज फेटाळतात’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. एकत्र राहत असल्याचा पुरावा म्हणून दोघांच्या नावाची सहा पत्रं चालतात. ती नसतील तर एकाच पत्त्यावर आलेली वेगवेगळ्या नावांची पत्रंही चालतात, प्रत्येकाची सहा धरून चला. कौन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर), बँक, जीपीचं (फॅमिली डॉक्टरचं) पत्र, वीजबिल असे किमान तीन स्रोत हवेत.

घोळ होतो तो तारखांचा. सगळे कागद शेवटच्या तीन महिन्यांतले असले, तर दोन वर्षांचा सहवास त्यातून दिसणार कसा? दर चार महिन्यांचं एकेक पत्र आत्तापासूनच बाजूला ठेवा. घर बदललं असेल तर जुन्या पत्त्याचीही जोडा. पत्रावर फ्लॅट नंबर आहे ना, तेवढं आवर्जून बघा.