संकासूर आणि विंचेस्टर बंधू

भुताखेतांच्या मालिकेत एखादा भाग निव्वळ हसवायला आला की चाहत्यांत उभी फूट पडते. एक गट म्हणतो, कथा ऐन रंगात आलेली असताना हा पोरखेळ कशाला? दुसरा गट वर्षानुवर्षं तोच भाग पुन्हा पुन्हा लावून बघतो. ‘सुपरनॅचरल’ ही अमेरिकन मालिका १३ सप्टेंबर २००५ ला सुरू झाली आणि १९ नोव्हेंबर २०२० ला संपली. १५ हंगाम, ३२७ भाग. हा वाद साधारण तेवढाच लांबला. आमच्या घरात तर तो अजून मिटलेला नाही, कारण भाची चतुर्थीला गोव्यात, पेडण्याला आली की माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची आरास, बांधून होताच लॅपटॉप उघडून बसते.

अशाच एका चतुर्थीला माझी आई तिच्या मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर एक इसम चॉकलेट चघळत मजेत बसलेला आणि सॅम व डीन या भुताराक्षसांची शिकार करणाऱ्या विंचेस्टर भावांची त्यानं पुरती फजिती केलेली. आई म्हणाली, “अगे, हो आमचो संकासूर!” भाची हसली. मला मात्र ते पटलं, आणि हे टिपण त्यातूनच सुचलं.

पेडणे, डिचोली, सत्तरीकडे जत्रेच्या रात्री दशावतार, म्हणजे आमचा कालो, बघत वाढलेल्यांना संकासूर सांगावा लागत नाही. ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा असुर. अंगभर काळा, डोक्यावरून काळा बुरखा, त्यातून लोंबणारी लाल जीभ. लहानपणी तो मांडावर आला की मी आईच्या पदरात तोंड लपवत असे. पण त्यानं तोंड उघडलं की हशा. भटाशी हुज्जत, तीही अस्सल गावच्या बोलीत. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. त्यामुळे समोरून कुणी टोमणा मारला की संकासूर त्यालाच धरून पुढची पाच मिनिटं खेळवतो. मग विष्णू येतो, संकासुराचा वध करतो आणि आख्यान सुरू होतं. हे सगळं अशा मुलखात, जिथं कोजागिरीला पेडण्याच्या पुनवेला भूतबाधा उतरवून घ्यायला माणसं लांबून येतात. संकासुरावर हसल्यामुळे कुणाची भुताची भीती कमी झाल्याचं मी तरी बघितलेलं नाही.

अमेरिकन टीव्हीला ही सवय तुकड्यातुकड्यांनी लागली. १९७४-७५ मध्ये ‘कोल्चॅक: द नाइट स्टॉकर’ आली. तिचा नायक चुरगळलेल्या सुटातला बातमीदार, राक्षसांइतकाच संपादकाशी भांडणारा. ती २० भागांत आटोपली. १९९३ ला सुरू झालेली ‘द एक्स-फाइल्स’ तिचं ऋण मानते, पण पहिली दोनेक वर्षं तिचा चेहरा गंभीरच होता. ३१ मार्च १९९५ च्या ‘हम्बग’ या भागानं तो बदलला. सर्कशीतून निवृत्त झालेल्या कलावंतांच्या गावातली ही खुनाची कथा डॅरिन मॉर्गन यानं लिहिली. गंमत अशी की त्याच हंगामाच्या सुरुवातीला हाच मॉर्गन रबरी पोशाख चढवून गटारातला जळवामानव झाला होता. ज्यानं राक्षसाचं सोंग अंगावर घेतलं त्यालाच राक्षसाची थट्टा करायचं सुचावं, यात आमच्या दशावतारी नटाला काहीच नवल वाटणार नाही. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, मॉर्गनला त्याच मालिकेच्या लेखनासाठी एमी पुरस्कार मिळाला. १९९८ च्या ‘बॅड ब्लड’ या भागात मालिकेचे दोन तपास अधिकारी, मल्डर आणि स्कली, एकच प्रकरण आपापल्या सोयीनं सांगतात. विनोदी भाग हा चाहत्यांच्या हक्काचा ऐवज तोवर होऊन गेला होता.

‘सुपरनॅचरल’नं ही परंपरा जवळजवळ हातोहात घेतली. ‘हम्बग’चा दिग्दर्शक किम मॅनर्स नंतर याच मालिकेत आला. मालिकेचा निर्माता एरिक क्रिपकी याच्या मूळ मांडणीत दर आठवड्याला एक भीतिकथा होती. पण फेब्रुवारी २००७ च्या ‘टॉल टेल्स’मध्ये दोन्ही भाऊ एकच हकीकत परस्परांना नावं ठेवत सांगतात, आणि तिथंच तो चॉकलेटवाला, ‘ट्रिकस्टर’ म्हणजे खोडकर मायावी, पहिल्यांदा भेटतो. नंतर १४ फेब्रुवारी २००८ ला ‘मिस्टरी स्पॉट’ आला. दिग्दर्शन मॅनर्सचंच.

या भागावर थोडं थांबायला हवं. सॅमला रोज तोच मंगळवार उजाडतो. रेडिओवर तेच गाणं, आणि दिवस मावळण्याआधी डीन मरतो. कधी गाडीखाली, कधी घास अडकून, कधी न्हाणीत घसरून. शंभरावर वेळा. बघणारा हसून हसून बेजार होतो. मग बुधवार उजाडतो, सगळं सुटल्यासारखं वाटतं, आणि डीन पुन्हा मरतो. या वेळी घड्याळ मागे फिरत नाही. सॅम कित्येक महिने एकटा, यंत्रासारखा जगत राहतो. आधीच्या मरणांवर हसलो याची बघणाऱ्याला लाज वाटावी अशी ही रचना आहे. ‘पोरखेळ’ म्हणणाऱ्यांनाही या भागापुढे फारसं बोलता येत नाही.

नोव्हेंबर २००९ च्या ‘चेंजिंग चॅनेल्स’नं तर त्यांची गोचीच केली. दोघे भाऊ टीव्हीतच अडकतात: इस्पितळाची मालिका, जपानी गेम शो, ध्वनिमुद्रित हशाची कौटुंबिक विनोदी मालिका. शेवटी ट्रिकस्टर म्हणजे देवदूत गॅब्रिएल असल्याचं उघड होतं. हलका भाग म्हणून ज्यांनी तो सोडला त्यांच्या हातून मुख्य कथेचा सांधाच सुटला.

खरा संकासुरी प्रकार वेगळाच आहे: चाहत्यांनाच खेळात ओढणं. एप्रिल २००९ मध्ये भावांना कळतं की आपल्या आयुष्यावर कादंबऱ्या निघाल्या आहेत आणि त्यांचे वेडे वाचक आहेत. त्यातली बेकी ही वाचक म्हणजे चाहत्यांचं व्यंगचित्र. काहींना ती आपल्याला दिलेली दाद वाटली, काहींना चेष्टा. २०११ मध्ये बेकी सॅमला वशीकरणाचं औषध पाजून लग्न लावून घेते, तेव्हा बऱ्याच जणींचं डोकं फिरलं. माझी भाची आजही तो भाग लावू देत नाही, आणि माझ्या मते तिचं बरोबर आहे. त्याच वर्षी, फेब्रुवारीत, ‘द फ्रेंच मिस्टेक’मध्ये भाऊ तुमच्या-आमच्या जगात येऊन पडतात, जिथं ते जॅरेड आणि जेन्सन नावाचे नट असतात. तिथं मालिकेनं स्वतःचीच टोपी उडवली, म्हणून तो कुणालाच बोचला नाही. नोव्हेंबर २०१४ चा २०० वा भाग ‘फॅन फिक्शन’ ही बेकीची भरपाई म्हणावी लागेल. शाळेतल्या मुली भावांच्या कथेवर संगीत नाटक बसवतात, आणि आधी कपाळाला हात लावणारा डीन अखेरीस त्यांची आवृत्ती त्यांना लखलाभ म्हणून मोकळा होतो.

आपल्याकडे हीच गोष्ट २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ या भुताच्या मालिकेच्या निमित्तानं दिसली. चित्रीकरण आकेरीचं, म्हणजे आमच्या पेडण्याच्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं. बोली मालवणी, आम्हाला घरच्यासारखी. सिंधुदुर्गातून विरोध झाला: कोकणाची बदनामी, अंधश्रद्धेला खतपाणी. लोक मात्र त्यातल्या पांडूच्या विसरभोळ्या बोलण्यावर हसत राहिले. २०१९ ला दुसरं पर्व आलं आणि अण्णा नाईक, शेवंता यांच्यावरच्या विनोदांनी फोन भरून गेले. ज्या अण्णांनी घाबरवायचं, त्यांचीच थट्टा.

त्या वर्षीच्या जत्रेत संकासूर मांडावर आला, भटाभोवती एक फेरी मारली आणि शेवंता खंय म्हणून त्यालाच विचारलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “तुज्या घरा!” पुढची पाच मिनिटं विष्णूला वाट बघत उभं राहावं लागलं.