मँडरीन मासा

(सिंकिरोपस स्प्लेंडिडस). प्रवाळ खडकांच्या फटींत दडून राहणारा बोटाएवढा सागरी मासा. लांबी साधारण ६ ते ७ सेंमी. जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून फिलिपीन्स, इंडोनेशिया ते ऑस्ट्रेलियापर्यंत, म्हणजे पश्चिम प्रशांत महासागरात तो आढळतो. अमेरिकन मत्स्यतज्ज्ञ आल्बर्ट हेरे यांनी १९२७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. चिनी दरबारातील अधिकाऱ्यांच्या भरजरी झग्यांवरून त्याला हे नाव पडले.

निळ्या अंगावर नारिंगी, हिरव्या नागमोडी रेघा असतात. त्यांतला निळा रंग विलक्षण आहे. बहुतेक माशांची निळाई हा प्रकाशाचा खेळ असतो; त्वचेतील सूक्ष्म स्फटिक उजेड परतवतात आणि डोळ्यांना निळे दिसते. मँडरीनच्या पेशींत मात्र खरेखुरे निळे रंगद्रव्य असते. गोडा आणि फुजी या जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये ते दाखवून दिले. पृष्ठवंशीय प्राण्यांत असे उदाहरण फारच दुर्मीळ. रंगवलेले सूत मागावर चढते तेव्हा रंग धाग्यातच असतो, आणि रेशमावरची झाक मात्र उजेडाबरोबर बदलते. चादरींच्या सोलापुरात हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

उथळ खारकच्छे (प्रवाळांनी अडवलेली समुद्राची शांत तळी) आणि किनाऱ्यालगतचे शांत प्रवाळ हे त्याचे घर. १८ मीटरपर्यंतची खोली त्याला पुरते. मेलेल्या प्रवाळांच्या तुकड्यांत तो दिवसभर लपतो, आणि रुंद श्रोणिपरांवर (पोटाखालच्या परांवर) जणू चालतच कोपेपॉडांसारखे बारीक जीव टिपत राहतो. अंगावर खवले नाहीत. त्यांऐवजी जाड, घाण वासाचा बुळबुळीत थर असतो, म्हणून मोठे मासे सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत.

सूर्य मावळला की मात्र तो बाहेर येतो. नर-मादी गालाला गाल लावून सुमारे मीटरभर वर तरंगतात, अंडी व शुक्रद्रव्य सोडतात आणि क्षणात खाली अदृश्य होतात. हे दृश्य पाहायला पाणबुडे तासन्‌तास ताटकळतात, ते उगीच नव्हे.

सोलापूर समुद्रापासून दूर, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. इथे हा मासा पाळायला खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळायचा म्हणजे पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवण्याची सोय आधी हवी. त्याहून कठीण त्याचे जेवण: बहुतेक मँडरीन कोरड्या खाद्याला तोंड लावत नाहीत, आणि नव्या टँकमध्ये जिवंत कोपेपॉड पुरेसे नसतात. म्हणून विकत घेताना रंगाला भुलू नये, आधी पोट पाहावे. ते खपाटीला गेलेले असेल, तर मासा बरेच दिवस उपाशी आहे.