तपासणारेच स्पर्धक

अमेरिकेत रुग्णालयातल्या डॉक्टरांचे काम त्यांच्या बरोबरीच्या डॉक्टरांनी तपासायचे, ही पद्धत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रुजली. सर्जनांच्या संघटनेने केलेल्या १९१८ च्या पाहणीत शंभर किंवा जास्त खाटांच्या ६९२ रुग्णालयांपैकी जेमतेम ८९ निकषांवर उतरली. रुग्णालयांची ती यादी पाहणी करणाऱ्यांनीच जाळून टाकली. पुढे १९६५ मध्ये इलिनॉयमधल्या एका निकालाने डॉक्टरांच्या उपचारांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी थेट रुग्णालयावर टाकली. फुटबॉल खेळताना पाय मोडलेल्या मुलाची बोटे प्लास्टरमध्ये सुजून काळी, थंडगार पडत होती, तरी कुणी तज्ज्ञाला बोलावले नाही. अखेर पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

या तपासणीविषयीच्या आजच्या कायद्याचे मूळ मात्र ओरेगन राज्यातल्या ॲस्टोरियात आहे. वस्ती दहा हजारांच्या आसपास, रुग्णालय एकच आणि तिथले बहुतेक डॉक्टर एकाच खासगी क्लिनिकचे भागीदार किंवा पगारी. १९७३ मध्ये एका सर्जनने भागीदारी नाकारून स्वतंत्र प्रॅक्टिस सुरू केली. गावात सर्जन असताना क्लिनिकवाले पेशंट पन्नास मैलांवर पाठवू लागले. १९८१ मध्ये उपचार निकृष्ट असल्याचे कारण देत त्याचे रुग्णालयात पेशंटवर उपचार करण्याचे अधिकार काढून घेण्याची शिफारस झाली. सुनावणी समितीचा अध्यक्ष क्लिनिकचाच डॉक्टर. 'माझ्याविषयी तुमच्या मनात आकस आहे का, ते सांगा,' ही सर्जनची मागणी सदस्यांनी धुडकावली. निकालाआधीच त्याने राजीनामा दिला.

त्याने क्लिनिकच्या डॉक्टरांवर दावा लावला. ज्यूरीने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली त्याला दिलेली भरपाई तिप्पट होऊन १९ लाख ५० हजार डॉलरवर गेली. अपिलात ती रद्द झाली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल फिरवला. सर्वोच्च न्यायालयाचा हा निर्णय योग्यच होता, कारण रोजीरोटीतला प्रतिस्पर्धी न्यायासनावर बसला की खऱ्या तक्रारीचीही किंमत जाते.

पण दाव्यांच्या धास्तीने डॉक्टर समित्यांवर बसेनात, या युक्तिवादावर संसदेने १९८६ मध्येच कायदा करून ठेवला होता. नोटीस आणि सुनावणी देऊन रास्त कारणाने केलेल्या कारवाईला त्याने भरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण दिले. आधी विचार झाला तो डॉक्टरांच्या भीतीचा. त्याच कायद्याखाली १९९० मध्ये राष्ट्रीय नोंदबँक सुरू झाली: तीस दिवसांहून जास्त काळ अधिकार रोखले, किंवा चौकशी चालू असताना डॉक्टरने राजीनामा दिला, तर रुग्णालयाने कळवायचे. २००९ मध्ये एका ग्राहक संघटनेने हिशेब मांडला, तेव्हा जवळपास निम्म्या रुग्णालयांनी सतरा वर्षांत एकही नोंद पाठवलेली नव्हती.

नेमणुकीच्या वेळी आणि नंतर दर दोन वर्षांनी रुग्णालयाला ही बँक तपासावी लागते. रुग्णाला मात्र आपल्या डॉक्टरची नोंद तिथे पाहता येत नाही.