बेळगाव सीमाभागातील हवामान व प्रौढांचा दमा

बेळगाव जिल्ह्यातील मराठीभाषक पट्ट्यात हवामानामुळे प्रौढांच्या दम्यावर आणि ॲलर्जीवर होणारे परिणाम. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिकोडी, अथणी हे तालुके नकाशावर शेजारी दिसत असले तरी त्यांची हवा एक नाही, आणि या विषयातली खरी गोम तिथेच आहे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेकडील उतारावर वसलेले असून तिथे वर्षाला साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. जांबोटी ओलांडून मलप्रभेच्या उगमाकडे, कणकुंबीला जावे तसा पाऊस कित्येक पटींनी वाढतो. अथणीकडे उतरावे तसा तो बेळगावच्या निम्म्यावर येतो. त्यामुळे एकाच जिल्ह्यातल्या एका दमेकऱ्याला ओल छळते आणि दुसऱ्याला धूळ. डॉक्टरांसमोर मात्र दोघेही एकच सांगतात : थंडी बाधली.

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला दीर्घकाळ सूज असते. अशा हुळहुळ्या नलिकांना परागकण, बुरशीचे बीजाणू, धूर, थंड हवा किंवा साध्या सर्दीचा विषाणू असे काहीही निमित्त पुरते. नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि श्वास सोडताना छातीत सूं सूं वाजू लागते. ॲलर्जी असलेल्यांच्या शरीरात एरवी निरुपद्रवी असलेल्या कणांविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार झालेली असतात. तो कण पुन्हा आत गेला की हिस्टामिन नावाचे रसायन सुटते. शिंका, डोळ्यांची खाज, अंगावर पित्त उठणे ही त्याचीच रूपे. प्रौढपणी सुरू होणारा दमा पुष्कळदा ॲलर्जीशिवायही असतो. तो स्त्रियांत अधिक आढळतो आणि लठ्ठपणा व कामाच्या जागची धूळ यांच्याशी त्याचा संबंध असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी त्याने ४ लाख ५५ हजार बळी घेतले.

पावसाळा : मृग लागल्यावर पहिले काही दिवस हवा धुऊन निघते आणि दमेकऱ्याला बरे वाटते. त्रास पुढे, आर्द्रा-पुनर्वसूत सुरू होतो, आणि तो बाहेरच्या पावसापेक्षा घरातल्या ओलीमुळे असतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यातले आषाढातले घर पाहिले की हे लगेच ध्यानात येते. मातीच्या भिंतींना खालून हातभर ओल चढलेली असते, दारे-खिडक्या दिवसभर लावलेल्या असतात. कपडे बाहेर वाळत नाहीत म्हणून चुलीवर आडवी दोरी बांधून त्यावर टाकलेले असतात आणि जळण ओले असल्याने धूर ज्वाळेहून जास्त. रात्री अंगावर येते ती वाकळ. जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली ही गोधडी एकदा भिजट झाली की गणपतीपर्यंत खऱ्या अर्थाने कोरडी होत नाही.

घरधुळीतल्या किडीला याहून चांगली जागा मिळणार नाही. ही कीड मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी. माणसाच्या अंगावरून झडणाऱ्या कोंड्यावर ती जगते. तिला पाणी प्यावे लागत नाही, हवेतली आर्द्रता ती शोषून घेते. सापेक्ष आर्द्रता ७० ते ८० टक्के असली की ती झपाट्याने वाढते, ५० टक्क्यांच्या खाली टिकाव धरत नाही. ॲलर्जी होते ती मुख्यतः तिच्या विष्ठेच्या कणांची. जोडीला कपाटामागच्या, ट्रंकेतल्या, कौलांखालच्या तुळयांवरच्या बुरशी असतात. त्यांतली ॲस्परजिलस नावाची बुरशी काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांत ठाण मांडते; मग नेहमीच्या औषधांनी दमा आटोक्यात येत नाही, कफाबरोबर तपकिरी खडे पडतात, आणि क्षकिरण चित्रावरून क्षयाचा संशय घेऊन उपचारांत वर्ष-सहा महिने वाया जाण्याचा संभव असतो. वाकळ ५५ ते ६० अंश सेल्सिअस पाण्यात धुणे हा किडीवरचा खात्रीचा उपाय होय. पण चार माणसांनी पिळावी लागणारी वाकळ आषाढात धुवायची कशी, याचे उत्तर कोणत्याही आरोग्यपत्रकात नसते. उन्हाळा संपण्याआधी ती धुऊन कडकडीत वाळवणे आणि पावसात तिच्याऐवजी पातळ पांघरुणे वापरणे, एवढे मात्र जमण्यासारखे आहे.

काँग्रेस गवत : मेक्सिकोकडचे हे तण भारतात १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात प्रथम ठळकपणे नोंदले गेले. आज बेळगाव-निपाणी रस्त्याकडेला, पडीक रानात, मोकळ्या प्लॉटवर ते कमरेएवढे वाढते. पावसाच्या पाण्यावर उगवून महिनाभरातच ते फुलू लागते आणि भाद्रपद-आश्विनात त्याचा बहर असतो. परागांमुळे नाक वाहते, शिंकांची रांग लागते, ज्यांना दमा आहे त्यांची छाती भरते. मध्यमवयीन शेतकऱ्यांत याचे दुसरे रूप दिसते : पापण्या, मान आणि कोपराच्या आतल्या बाजूची कातडी जाड, काळपट व खाजरी होते. त्याला गजकर्ण समजून मलमे चोळत बसणारे पुष्कळ. या गवताचा पाला खाणारे मेक्सिकन भुंगेरे १९८४ मध्ये बंगळूरला सोडण्यात आले. गवत काही हटले नाही.

हिवाळा आणि ऊस : बेळगावची थंडी कौतुकाची असली तरी दम्याच्या दृष्टीने ती निर्दोष नाही. थंड, कोरडी हवा श्वासनलिकांचे अस्तर सुकवते आणि पहाटे चालायला किंवा दूध घालायला निघालेल्या माणसाला चढावर धाप लागते. त्याहून मोठे कारण जमिनीलगत साचणारा धूर होय. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते. नेमक्या याच महिन्यांत चिकोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी या भागांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो. तोड झाली की पाचट पेटवतात. खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, मशागत सोपी जाते म्हणून, आणि मजूर मिळत नाहीत म्हणूनही. संध्याकाळी लावलेल्या आगीचा धूर सकाळी नऊपर्यंत गावावर असतो. बॉयलरची काजळी वाळत घातलेल्या धोतरावर दिसते, म्हणून तक्रार तिच्याबद्दल होते. फुप्फुसात खोल जाणारे अडीच मायक्रॉनहून बारीक कण दिसत नाहीत. पाचट कुट्टी करून सरीत कुजवले तर धूर टळतो आणि जमिनीलाही फायदा होतो, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. खर्चाचा प्रश्न सुटेपर्यंत आगपेटीच स्वस्त राहणार.

उसाच्या बुरशी आलेल्या चोथ्याच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार दम्यासारखा भासतो, पण तो वेगळा आहे. त्यात धुळीत काम केल्यावर काही तासांनी ताप आणि हुडहुडी येते. दमट हवेत रचून ठेवलेला चोथा त्याला कारण होतो.

निपाणीची तंबाखू : तंबाखूचे पान हवेप्रमाणे वागते. दमट हवेत ते मऊ पडते, फाल्गुन-चैत्राच्या कोरड्या हवेत चुरते; त्यामुळे वखारीत चाळणीवर बसलेल्या बायकांच्या नाकातोंडात खकाणा सर्वांत जास्त जातो तो उन्हाळ्यात. पदर नाकाला बांधून हे काम वर्षानुवर्षे चालते. कामाच्या जागेमुळे होणारा दमा ओळखण्यासाठी डॉक्टर विचारतात, ‘सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का?’ गिरणी कामगाराला हा प्रश्न लागू पडतो. निपाणीत विड्या घरीच वळल्या जातात. सूप उंबऱ्यात असते, तंबाखू स्वयंपाकघरात. तिथे सुट्टीच नसल्याने या प्रश्नावर ‘नाही’ असे उत्तर येते आणि निदान हुकते.

वळीव : गडगडाटी पावसाआधी सुटणाऱ्या वाऱ्यात परागकण जमिनीलगत येतात, ओलाव्याने फुगून फुटतात आणि त्यांचे बारीक तुकडे थेट खालच्या श्वासनलिकांपर्यंत पोहोचतात. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नमध्ये अशा वादळानंतर हजारो लोकांना एकाच संध्याकाळी धाप लागली आणि दहा जण दगावले. त्यांतल्या अनेकांना आधी दमा नव्हता, फक्त शिंकांचा त्रास होता. तिथे हे घडले रायगवताच्या परागांमुळे; सीमाभागात ते गवत नाही, त्यामुळे तुलना ताणू नये. पण एप्रिल-मे मध्ये ढग काळवंडून वारा सुटला की परागांची ॲलर्जी असलेल्याने घरात जावे, हा सल्ला इथेही चालतो. तापमानवाढीचा परिणाम याच्यात मिसळतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की काँग्रेस गवताच्या कुळातले रॅगवीड अधिक पराग देते, हे प्रयोगांत दिसले आहे.

उपचार : ‘कोरड्या गावी जा’ हा जुना सल्ला किडीची ॲलर्जी असलेल्या खानापूरकराला खरेच उपयोगी पडू शकतो, मात्र माघात तो उसाच्या पट्ट्यात जाऊन राहिला तर आगीतून फुफाट्यात. मृगाच्या दिवशी हैदराबादला माशाचे औषध घ्यायला आणि कोजागिरीला खिरीतून दिले जाणारे औषध घ्यायला जाणारे या भागातही आहेत. दोन्ही मुहूर्त ऋतू पालटण्याच्या वेळचे आहेत, आणि हवा बदलताच दम्याचे निमित्तही बदलते. म्हणून काही दिवस आलेला आराम औषधाच्या खात्यावर जमा होतो. दोहोंपैकी कशालाही शास्त्रीय आधार नाही.

मुख्य औषध म्हणजे ओढून घ्यायचे स्टेरॉइड, लोकांच्या भाषेत पंप. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने माणसे तो टाळतात आणि गोळी किंवा इंजेक्शन मागतात. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीतली मिलिग्रॅममध्ये, म्हणजे अनेक पटींनी जास्त. वारंवार घेतलेल्या गोळ्यांनी साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. फक्त तात्पुरता आराम देणाऱ्या निळ्या पंपावर भागवू नये, असे दम्यासंबंधीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत २०१९ पासून स्पष्ट म्हटले आहे. त्या पंपाने नळी उघडते, सूज तशीच राहते. स्टेरॉइडच्या पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, जोडला तर औषध घशात कमी आणि छातीत जास्त पोहोचते. नंतर चूळ भरली की तोंडात बुरशी धरत नाही.