पाणी गटारात पोहोचण्यापूर्वी

पावसाचा जोर वाढून रस्ते तुंबले की सर्वांचे बोट गटारांकडे जाते. गटारे वेळेवर साफ केली नव्हती, नळांचा व्यास अपुरा होता, तोंडाशी कचरा अडकला होता, अशी कारणे दिली जातात आणि त्यांत बरेच तथ्यही असते. परंतु त्या गटारात किती पाणी येणार आणि ते किती घाईने येणार, हे बहुतेक वेळा निचरा पाहणाऱ्या विभागात ठरलेलेच नसते. ते ठरलेले असते बांधकामाच्या नकाशावर मंजुरीची सही होते त्या टेबलावर, रस्त्याची रुंदी निश्चित करणाऱ्या बैठकीत, किंवा एका दुकानामागे किती गाड्या उभ्या राहण्याची सोय हवी हे सांगणाऱ्या नियमाच्या एखाद्या ओळीत. या निर्णयांशी संबंधित मंडळींपैकी कोणीही स्वतःला पाण्याचे काम करणारा समजत नाही. म्हणूनच पावसाळी पाण्याच्या व्यवस्थापनाचे प्रशिक्षण कसे द्यावे यापेक्षा ते कोणाला द्यावे, हा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो.

या प्रशिक्षणाची सुरुवात शाळकरी गणिताने करता येते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते एक लिटर पाणी होते. एक हेक्टर जागेवर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे अडीच लाख लिटर. यातले काही पाणी झाडांच्या पानांवर आणि जमिनीच्या खळग्यांत अडकते, काही मुरते आणि उरलेले उताराच्या दिशेने वाहू लागते. या वाहत्या भागाला जलविज्ञानात अपधाव म्हणतात. त्याचा सर्वाधिक प्रवाह काढण्याची जी रीत आजही छोट्या क्षेत्रांसाठी जगभर वापरली जाते, ती १८५० च्या सुमारास आयर्लंडमधील अभियंता मल्व्हनी यांनी मांडली आणि १८८९ मध्ये एमिल क्युशलिंग यांनी अमेरिकेत शहरांच्या मलवाहिन्यांसाठी वापरून दाखवली. क्षेत्रफळ, पावसाची तीव्रता आणि अपधावाचा गुणांक, म्हणजे पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा हिस्सा, या तीन संख्यांचा गुणाकार, एवढीच ती रीत आहे.

उदाहरणादाखल दहा हेक्टरांचा एक तुकडा घेऊ आणि त्यावर तासाला ३६ मिलिमीटर या वेगाने पाऊस पडतो आहे असे धरू. पडणारे पाणी सेकंदाला बरोबर एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर भरते. हा तुकडा सपाट, वाळूमिश्रित मातीचा आणि गवताने झाकलेला असेल तर त्याचा गुणांक ०.१ च्या आसपास असतो. सेकंदाला साधारण शंभर लिटर पाणी बाहेर पडते. त्याच तुकड्यावर डांबर आणि छपरे आली की गुणांक ०.९ पर्यंत जातो आणि तोच पाऊस सेकंदाला नऊशे लिटर पाणी बाहेर लोटतो.

प्रत्यक्षात फरक याहूनही मोठा पडतो आणि तो का पडतो हे समजावून घेण्यासारखे आहे. गवतावरचे पाणी अडखळत येते, तर डांबरावरचे घसरत येते. तुकड्याच्या सर्वांत दूरच्या टोकाचे पाणी बाहेर पडण्याच्या जागी पोहोचायला पूर्वी चाळीस मिनिटे लागत असतील तर आता दहाच मिनिटे लागतात. गुणाकारात पावसाची तीव्रता घेताना याच कालावधीची घ्यावी लागते, आणि चाळीस मिनिटांच्या सरासरीपेक्षा दहा मिनिटांची सर कितीतरी जोरदार असते. म्हणजे जमीन झाकली की गुणाकारातल्या तीनपैकी दोन संख्या एकदम वाढतात. रस्त्यांचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याने हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने कागदावर केला, तर त्यानंतर दहा फूट अनावश्यक रुंदी मंजूर करताना त्याचा हात थोडा थबकतो, असे मानायला हरकत नाही.

आणखी एक गैरसमज प्रशिक्षणातच दूर व्हावा लागतो. नळांचे आकार ठरवताना ‘दहा वर्षांतून एकदा येणारा पाऊस’ असा शब्दप्रयोग होतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की यंदा तो येऊन गेला, आता दहा वर्षे निश्चिंती. खरा अर्थ असा की तेवढा पाऊस येण्याची शक्यता प्रत्येक वर्षी दहा टक्के असते. पुढच्या दहा वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता ६५ टक्के, आणि ‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारा पाऊस तीस वर्षांत निदान एकदा गाठण्याची शक्यता २६ टक्के भरते. शिवाय ही वर्षे ज्या नोंदींवरून काढली जातात त्या जुन्या असतात. अमेरिकेत १९६१ मध्ये छापलेले पावसाच्या तीव्रतेचे नकाशे पुढे कित्येक दशके वापरात होते. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, त्यामुळे जुन्या नकाशांवरचा ‘दहा वर्षांचा’ पाऊस आता किती वर्षांचा उरला आहे, हे तपासूनच पुढे जावे लागते.

अमेरिकेचा उल्लेख आलाच आहे तर तेथील अनुभव जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे. तेथील स्वच्छ पाणी कायदा १९७२ चा, पण त्याचा सुरुवातीचा रोख कारखाने आणि मैलापाणी प्रकल्प यांच्या नळांवर होता. १९८७ च्या दुरुस्तीने पावसाळी पाणीही त्यात आले. १९९० च्या नियमांनी एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना आपल्या पावसाळी वाहिन्यांसाठी परवाना घेणे बंधनकारक केले आणि १९९९ च्या नियमांनी शहरी पट्ट्यातील लहान गावांनाही त्यात ओढले. परवान्यासोबत सहा कर्तव्ये आली. लोकशिक्षण, लोकसहभाग, वाहिन्यांत चोरून सोडलेल्या सांडपाण्याचा शोध, बांधकामाच्या जागेवरील गाळाचा बंदोबस्त, बांधकाम संपल्यानंतरच्या अपधावाचे नियंत्रण आणि नगर प्रशासनाच्या स्वतःच्या कामकाजातील स्वच्छता, अशी ती होत. मोठ्या शहरांकडे अभियंत्यांचा ताफा होता. लहान गावात मात्र हे सारे एखाद्या रस्ते पर्यवेक्षकाच्या अंगावर येऊन पडले, आणि त्याने तोपर्यंत अपधाव हा शब्दही ऐकलेला नसे.

कनेटिकट राज्यात या अडचणीवर कायद्याच्या सक्तीआधीच उपाय सुरू झाला होता. १९९१ मध्ये तेथील राज्य विद्यापीठाच्या विस्तार सेवेने नगर अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी ‘नेमो’ नावाचा उपक्रम काढला. राज्यात १६९ गावे आणि जमिनीच्या वापराचे निर्णय प्रत्येक गावाच्या हाती. ते घेणाऱ्या नियोजन मंडळांवर बहुधा दिवसा दुसरा व्यवसाय करणारे आणि संध्याकाळी बैठकीला येणारे स्वयंसेवक. त्यांच्यापुढे रसायनशास्त्राची व्याख्याने देऊन उपयोग नव्हता. प्रशिक्षकांनी त्यांच्यासमोर त्यांच्याच गावाचा नकाशा ठेवला. आज किती टक्के जमीन छपरांखाली व डांबराखाली आहे हे एका रंगात दाखवले, आणि गावाचे सध्याचे नियम शेवटच्या भूखंडापर्यंत पाळले गेले तर किती टक्के झाकली जाईल हे दुसऱ्या रंगात. त्या दुसऱ्या नकाशात कोणीही नियम मोडलेला नव्हता. तो त्यांच्याच नियमांचा परिणाम होता. पुढे इतर अनेक राज्यांनी हा उपक्रम उचलला, यात मला नवल वाटत नाही.

या नकाशांसोबत एक आकडा नेहमी सांगितला जाई. पाणलोट क्षेत्रातील सुमारे दहा टक्के जमीन झाकली गेली की ओढ्याची प्रकृती बिघडलेली दिसू लागते आणि पंचवीस-तीस टक्क्यांच्या पुढे ती पार ढासळते. आकडा लक्षात राहण्याजोगा आहे, पण तो जरा जपून वापरावा. दहा टक्क्यांच्या आत सर्व सुरक्षित असा त्याचा अर्थ होत नाही. पाण्यातील नाजूक कीटक व मासे त्याच्या पुष्कळ आधी कमी होऊ लागतात. अधिकाऱ्यांना सोपे आकडे हवे असतात आणि प्रशिक्षकांना ते देण्याचा मोह होतो, पण नऊ टक्क्यांवर निर्धास्त झालेले मंडळ हे अशा सोपेपणाचेच फळ असते.

ओढ्याची प्रकृती केवळ पाण्याच्या लोंढ्याने बिघडत नाही. जस्ताच्या पत्र्यांवरून जस्त, गाड्यांच्या ब्रेकमधून तांबे, बागांतून खत आणि रस्त्यावरून तेल धुऊन येते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पावसानंतर कोहो जातीचे सामन मासे अंडी घालण्यापूर्वीच शहरी ओढ्यांत मरताना दिसत आणि कारण वर्षानुवर्षे सापडत नव्हते. २०२० मध्ये त्याचा उलगडा झाला. टायरचे रबर ओझोनमुळे तडकू नये म्हणून त्यात घातल्या जाणाऱ्या रसायनापासून रस्त्यावर एक नवे संयुग तयार होते आणि तेच या माशांना मारत होते. सुदैवाची गोष्ट अशी की तेच पाणी मातीच्या थरातून झिरपवून सोडले तर मासे तगतात.

दूषित पाण्याचा दुसरा मार्ग चोरटा असतो आणि तो शोधण्याचे शिक्षण वर्गात बसून मिळत नाही. सलग तीन दिवस पाऊस नसताना वाहिनीच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे. पावसाळी वाहिनी कोरडी असायला हवी. तिच्यातून पाणी येत असेल तर ते कुठून, हा तपास सुरू होतो. ते भूजल असू शकते, फुटलेला नळ असू शकतो किंवा कोणाच्या तरी न्हाणीघराची चुकीची जोडणी. या शेवटच्या शंकेसाठी वापरली जाणारी एक युक्ती मला फार आवडते. कपडे धुण्याच्या साबणात कपडे पांढरेशुभ्र भासावेत म्हणून चमक देणारी द्रव्ये घातलेली असतात आणि ती कापसाला घट्ट धरून बसतात. साधा, चमक न दिलेला कापूस जाळीच्या पिशवीत घालून वाहिनीच्या तोंडाशी काही दिवस बांधून ठेवायचा, मग वाळवून अंधारात अतिनील दिव्याखाली धरायचा. तो निळसर चमकला तर वरच्या अंगाला कोणाचे तरी धुणे या वाहिनीत येत आहे. त्यानंतर एकेक झाकण उघडत, एकेक फाटा वगळत वर सरकायचे.

बांधकामाच्या जागेवरची तपासणी अशीच नजरेची असते. गाळ अडवण्यासाठी लावलेले काळे कापडी कुंपण दुरून नीटनेटके दिसते आणि तपासणीच्या कागदावर बरोबरची खूण होते. पण त्या कापडाची खालची कड चर खणून मातीत गाडलेली नसेल तर पहिल्याच सरीत पाणी तिच्याखालून गाळासकट निघून जाते आणि कुंपण वर तसेच उभे राहते. म्हणूनच शिकलेला निरीक्षक चार ठिकाणी कापड हाताने ओढून पाहतो.

पाणी उगमापाशीच मुरवण्याच्या पद्धतीचा पुरावाही कनेटिकटमध्येच मिळाला. वॉटरफर्ड येथील जॉर्डन कोव्ह प्रकल्पात एकाच वसाहतीचे दोन भाग करण्यात आले. एक नेहमीच्या पद्धतीने बांधला. दुसऱ्यात रस्ता अरुंद ठेवला, फरशा पाणी झिरपू देणाऱ्या घेतल्या, गटारांऐवजी गवताचे उथळ चर काढले आणि अंगणांत पाणी मुरवणारे वाफे केले. बांधकामाच्या आधीपासून पुढे अनेक वर्षे मोजमाप चालले. पहिल्या भागातील अपधाव बांधकाम वाढत गेले तसा कित्येक पटींनी वाढला; दुसऱ्यात तो बांधकामापूर्वी होता जवळपास तेवढाच राहिला.

असे वाफे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मेरिलँडमधील प्रिन्स जॉर्जेस परगण्यात रूढ झाले आणि आता ते पुष्कळ ठिकाणी दिसतात. ते बिघडतात मात्र फार साध्या कारणांनी. खणताना अवजड यंत्र आत उतरवले तर तळाची माती दाबून बसते आणि पुढे कितीही झाडे लावली तरी पाणी मुरत नाही. वरच्या अंगाची उघडी माती गवताने झाकली जाण्यापूर्वीच वाफा सुरू केला तर तो एका पावसात चिखलाने लिंपला जातो. रस्त्याच्या कडेला पाणी आत शिरण्यासाठी ठेवलेल्या फटीत चार बोटे गाळ साचून त्यावर गवत उगवले की पाणी वाफ्याला बगल देऊन सरळ गटारात जाते, आणि शेजारचा वाफा भर पावसात कोरडा राहतो. कधी बागकामाचे कर्मचारी नेमकी लावलेली झाडेच तण समजून उपटतात. यात दोष त्यांचा नसतो, कारण आराखड्याच्या चर्चेला त्यांना कोणी बोलावलेले नसते.

साधनांची तशी वाण नाही. नळांच्या जाळ्यातील प्रवाहाचे गणित मांडणारी अमेरिकी पर्यावरण संस्थेची ‘स्विम’ ही प्रणाली १९७१ पासून विकसित होत आली आहे आणि ती विनामूल्य मिळते. पैशाची वाटही दिसते. वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू शहराने १९७४ मध्येच पावसाळी पाण्यासाठी वेगळी आकारणी सुरू केली, आणि अशा आकारणीत आता बहुधा मालकाची किती जमीन झाकलेली आहे हे पाहिले जाते. तुटवडा आहे तो नोंदींचा. वाफ्यात एक खुणेची काठी रोवावी आणि मोठ्या पावसानंतर पाणी किती तासांत उतरले ते एका वहीत लिहावे, एवढे काम कोणत्याही कर्मचाऱ्याला दहा मिनिटांत शिकवता येते. पाणी एक-दोन दिवसांत उतरत असेल तर वाफा ठीक आहे आणि डासांची चिंताही नाही. यंदा वीस तास, पुढच्या वर्षी तीस आणि त्यापुढे साठ अशा नोंदी दिसू लागल्या तर वरचा चिकट थर खरवडून काढण्याची वेळ झाली आहे, हे पाणी रस्त्यावर येण्यापूर्वीच कळते.