सुमार (शब्द)

सुमार म्हणजे जेमतेम दर्जाचा, यथातथा. मूळ शब्द फारसी 'शुमार', म्हणजे मोजणी किंवा गणती, आणि तो 'शुमुर्दन' म्हणजे मोजणे या क्रियापदातला. मराठीत येताना श चा स झाला, शाबाशचं शाबास झालं तसंच. गणतीचा अर्थ 'खानेसुमारी' या जनगणनेच्या जुन्या शब्दात सरळ दिसतो, बेसुमार म्हणजे मोजता न येण्याइतकं, आणि 'पावसाला काही सुमारच नाही' म्हणताना सुमार म्हणजे मर्यादा. मोजणीवरून अंदाज आला, म्हणून सुमारे दोनशे माणसं, बाराच्या सुमारास वगैरे.

खरा पेच पुढे आहे, मोजणीच्या शब्दाला कमी दर्जाचा अर्थ कसा चिकटला? हिंदीत शुमार, बेशुमार दोन्ही आहेत पण हा अर्थ नाही, त्यामुळे तो बहुधा मराठीतच तयार झाला असावा, आणि गणतीच्या अर्थानंतरचाच. एक शक्यता अशी की जे मोजण्यात येतं, चारचौघांत गणलं जातं, ते सामान्य. दुसरी अशी की सुमार म्हणजे मर्यादा, आणि मर्यादेतलं ते बेताचं. ही दुसरी जास्त पटते, कारण 'बेताचा' हा शब्दही याच वाटेने गेलाय, बेताचं मीठ म्हणजे योग्य तेवढं, पण बेताची बुद्धी म्हणजे कमीच.

वापरात सुमार दर्जा, सुमार कामगिरी, सुमार बुद्धी हे नेहमीचे. माणसांसाठी नाम म्हणूनही चालतो (सुमारांचा भरणा), त्यावरून सुमारपणा. बेसुमार हा मात्र याचा विरुद्धार्थी नाही, बेसुमार वृक्षतोड म्हणजे चांगली वृक्षतोड नव्हे.

निकृष्ट, टाकाऊ, भिकार यांच्यापेक्षा सुमार वेगळा आहे आणि हा फरक जपायला हवा. पहिल्याच पावसात उखडलेला रस्ता निकृष्ट असतो, सुमार नाही. सुमार गायक सुरात गातो, ताल चुकवत नाही, बंदिश पाठ असते, पण तान संपली की ऐकणाऱ्याकडे काही उरत नाही, आणि नेमकं हेच सांगायला दुसरा इतका नेटका शब्द मराठीत सापडणं अवघड. हल्ली 'अत्यंत सुमार' असं सर्रास लिहितात, तिथे अर्थ सरळ 'वाईट' होतो आणि मधली ही छटा जाते. वाईटच म्हणायचं असेल तर भिकार आहेच की.